बाबांना झोपच लागत नाही, मुलीला पाच तास पुरतात : माणसाला झोप लागते तरी किती?

नीरजा_मानेवाडा | ७ मे, रात्री १२:४७

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

घरात आम्ही चौघं. बाबा ७२ वर्षांचे, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला." पहाटे साडेतीनला उठून अंधारात पलंगावर बसून राहतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकांनी त्यांना स्वतःच्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणून दिली. ती मी कपाटात ठेवली आहे आणि बाबा रोज मागतात.

मुलगी १७ वर्षांची. बारावी आणि नीट. रात्री साडेबारापर्यंत पुस्तक उघडं असतं आणि सकाळी साडेसहाची बॅच असल्यामुळे साडेपाचला उठते. "आई, पाच तास पुरतात, क्लासमधले सगळे एवढेच झोपतात," म्हणते. रविवारी मात्र बारा वाजेपर्यंत उठत नाही आणि त्यावरून आमचं भांडण होतं.

मिस्टर एमआयडीसीत आहेत, तीन पाळ्यांची नोकरी. घोरणं इतकं की बाबांच्या खोलीपर्यंत ऐकू जातं. आठ तास झोपूनसुद्धा संध्याकाळी बोलता बोलता डोळे मिटतात.

लहानपणापासून "आठ तास" ऐकत आले. पण तो आकडा नेमका कुणाचा? बाबांना गोळी देऊ का? मुलीला झोप म्हणू की अभ्यास कर म्हणू? मनापासून विचारते आहे. अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

अभय_खामला | ७ मे, सकाळी ७:१५

ताई, आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढची चर्चा त्यावर करता येईल. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये वयानुसार शिफारशी दिल्या होत्या. तान्ह्या बाळाला (पहिले तीन महिने) १४ ते १७ तास, शाळकरी वयात (६ ते १३) ९ ते ११, चौदा ते सतराच्या मुलांना ८ ते १०, मोठ्या माणसांना ७ ते ९ आणि पासष्टच्या पुढे ७ ते ८. त्याच वर्षी तिथल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून मोठ्यांसाठी "किमान ७" असं सांगितलं. म्हणजे तुमच्या मुलीची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. घरोघरी नेमकं उलटं गृहीत धरतात.

शिवाय हे आकडे प्रत्यक्ष झोपेचे आहेत, अंथरुणात पडून राहण्याचे नाहीत. अकराला पाठ टेकून सहाला उठलेला माणूस "सात तास झोपलो" म्हणतो, पण झोप लागेपर्यंतचा वेळ आणि मधली जाग वजा केली तर हातात सहा-सव्वासहाच उरतात.

धंतोलीकर | ७ मे, सकाळी ८:०२

मी या मताशी सहमत नाही. वय ५२, सीए आहे. वीस वर्षं पाच तास झोपतो. साडेअकराला झोपतो, साडेचारला उठतो, अंबाझरी तलावावर चालायला जातो. रिटर्नच्या हंगामात तर चारच तास मिळतात. शरीराला सवय लावली की लागते. मुलीला रोखू नका, हेच वय मेहनतीचं आहे.

श्वासवैद्य | ७ मे, दुपारी २:२०

नीरजाताई, मी छातीविकारांची डॉक्टर आहे, झोपेचे रुग्ण रोज बघते. धंतोलीकर सर म्हणतात ती "सवय" फार महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसं घेतली. कुणाला सलग चौदा रात्री आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार. आणखी एका गटाला तीन दिवस अजिबात झोपू दिलं नाही. दिवसभर सगळ्यांच्या लक्ष देण्याच्या चाचण्या घेत राहिले. सहा आणि चार तासवाल्यांचे गुण दिवसेंदिवस घसरत गेले आणि पंधरवड्याच्या शेवटी एक-दोन रात्री टक्क जागलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसले. घसरण थांबली नव्हती. पण "तुम्हाला किती झोप येते आहे?" असं विचारलं, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदललीच नाहीत. त्यांना वाटत होतं की आता जमलं. जमलेलं काही नव्हतं, फक्त कमी पडतंय हे कळायचं बंद झालं होतं. म्हणून "मला पुरते" ही साक्ष मी दवाखान्यात एकटी कधीच धरत नाही. घरच्यांना विचारते.

जन्मतः कमी झोप लागणारी माणसं असतात, हे खरं आहे. २००९ मध्ये डीईसी२ या जनुकातला असा बदल एका कुटुंबातल्या दोघींमध्ये सापडला. सहा-सव्वासहा तासांत त्या ताज्यातवान्या उठत. पण अशी माणसं फार थोडी आणि त्यांना अलार्म लागत नाही, सुट्टीच्या दिवशीही ती तेवढीच झोपतात. धंतोलीकर सर, राग मानू नका, एकच विचारते. रविवारी किती वाजता उठता?

आणि ताई, ती अर्धी पट्टी घरात ठेवू नका. दुसऱ्याची झोपेची गोळी सत्तरीतल्या माणसाला कधीच देऊ नये. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, असे पेशंट मी बघितले आहेत. श्वास अडण्याचा आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

धंतोलीकर | ७ मे, रात्री १०:४०

रविवारी साडेदहा. कधी अकरा. डॉक्टरबाई, याचा विचार मी कधी केला नव्हता.

गुरुजी_नंदनवन | ८ मे, सकाळी ६:०५

नीरजाबेटा, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा, ७४. निवृत्त शिक्षक. तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट सुटली आहे. बाबा उठतात साडेतीनला हे लिहिलंस, पण झोपतात किती वाजता? दुपारी किती पडतात?

माझी हीच तक्रार होती. म्हातारपणी रात्री वाढीव वेळ उरतो, काम नसतं, मग जेवलं की लवंडतो आपण. गाढ झोपेचा वाटा वयाबरोबर कमी होतो, झोप पातळ होते, खुट्ट झालं की जाग येते. चार-पाच वेळा आलेली ती जाग तेवढी सकाळी आठवते, मधली झोप आठवत नाही. म्हणून "रात्रभर जागाच होतो" असं वाटतं. बाबा खोटं बोलत नाहीत, त्यांना खरोखर तसंच वाटतं. त्यांच्यावर चिडू नकोस.

"लवकर निजे, लवकर उठे" हे मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं. लोक दुसरा अर्धा भाग धरून ठेवतात, पहिला सोडून देतात. म्हातारी माणसं दोन्ही पाळतात आणि मग पहाटेचं काय करावं हे त्यांना कळत नाही.

नीरजा_मानेवाडा | ९ मे, रात्री १:०५

गुरुजी, तुमचा प्रतिसाद वाचून आज मुद्दाम घड्याळ बघितलं. बाबा साडेआठच्या बातम्या लागताच आडवे झाले आणि नऊच्या आत घोरत होते. दुपारी दीड ते साडेतीन कुलरसमोर झोपले होते ते वेगळंच. म्हणजे साडेआठ ते साडेतीन सात तास आणि वर दुपारचे दोन! मला रडूच आलं. इतके दिवस मी त्यांना आजारी समजत होते.

रात्री तीनदा लघवीला उठतात, हे मात्र खरं आहे. बीपीची गोळी रात्री जेवणानंतर असते.

खरं सांगायचं तर या दिवसांत झोप कुणालाच धड लागत नाही. काल पारा ४५ च्या वर होता. आमचं घर वरच्या मजल्यावर, रात्री बारालाही स्लॅब तव्यासारखा. कुलर लावला की अंग चिकचिक होतं, बंद केला की घामाने जाग येते.

इतवारीचा_नितीन | ९ मे, सकाळी ९:३०

ताई, आमचं घराणं तीन पिढ्या कुलर बनवतं, म्हणून यावर जरा लांब लिहितो. नागपुरात झोपेची गोष्ट निघाली आणि कुलरची निघाली नाही, असं होऊच शकत नाही.

अंग चिकचिकतं म्हणजे तुमच्या खोलीतली हवा बाहेर जात नाही. कुलर खोलीच्या आत ठेवला असेल तर आधी तो खिडकीत बाहेरच्या बाजूने लावा. त्याला बाहेरची कोरडी हवा पाहिजे. आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. कुलर गारवा तयार करतो तो पाण्याची वाफ करून. ती वाफ घेतलेली हवा बाहेर निघाली नाही तर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घाम वाळतच नाही. दार-खिडक्या गच्च लावून कुलर चालवणारी घरं मी रोज बघतो. एसीची सवय कुलरला लावतात.

गवताच्या ताट्या दर हंगामाला बदला. क्षार बसून पांढऱ्या पडलेल्या ताटीतून वारा येत नाही, पाणी नुसतं खाली ओघळतं. वाळ्याच्या ताट्या महाग असतात, पण आजोबांच्या दिवाणखान्याचा तो वास मला अजून आठवतो. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच होतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

आता स्लॅब. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्री एक-दोनपर्यंत खोलीत सोडत राहतो. गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, फरक हाताला कळेल. पाण्याची चणचण नसेल तर संध्याकाळी सातला गच्चीवर बादलीभर पाणी शिंपडा. लहानपणी आमच्या वाड्यात हे काम पोरांचं असायचं. सडा मारला की मातीचा वास यायचा, मग सतरंज्या, गाद्या, मच्छरदाणीच्या काठ्या वर चढायच्या आणि आठ-दहा जण ओळीने पडायचे. आजी खालून तांब्या घेऊन यायची. अकरानंतर जो वारा सुटायचा, त्यावर लागलेली झोप मला नंतर कुठल्याच खोलीत लागली नाही. आता शेजारी चार-चार मजले उभे राहिले, गच्चीवर टाक्या आणि पाइप आले, तिथे पाय ठेवायला जागा नाही.

श्वासवैद्य | ९ मे, दुपारी ३:१०

नितीनभाऊंनी सांगितलं त्यामागचं शरीरशास्त्र थोडक्यात सांगते. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं, रात्रीतून साधारण एक अंशाने खाली येतं. ती उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. खोलीच तापलेली असेल तर ती जायला वाट मिळत नाही. झोप उशिरा लागते, पातळ राहते, गाढ टप्पे कमी होतात. त्यात मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, डिसेंबर-जानेवारीपेक्षा तासाभराहून अधिक लवकर. म्हणजे उन्हाळ्यात रात्र दोन्ही बाजूंनी कापली जाते. म्हणून इथली दुपारची झोप मी आळस मानत नाही. आयुर्वेदातही दिवसा झोपायला एरवी मनाई आहे, ग्रीष्मात मात्र मुभा दिली आहे. फक्त ती तासांच्या हिशेबात धरा आणि तीनच्या आत आटपा.

बाबांसाठी सांगते. दुपारी अर्धा तास पुरे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर उजेड असेपर्यंत त्यांना बाहेर बसवा किंवा चालवा. संध्याकाळचा उजेड मेंदूतलं घड्याळ थोडं पुढे ढकलतो. साडेनऊ-दहाच्या आधी आडवं होऊ देऊ नका. मध्येच जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत लागली नाही, तर पलंगावर तळमळत न राहता खुर्चीत बसावं, डोळे जड झाले की परत यावं. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच सवयींची आणि विचारांची उपचारपद्धत वापरा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि ती सकाळी घेता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मनाने वेळ बदलू नका.

समृद्धीचा_राही | १० मे, रात्री ९:५०

नमस्कार ताई. मी ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, पंधरा वर्षं झाली. सीएसाहेबांनी सवयीचं लिहिलं, म्हणून माझं सांगतो.

समृद्धी महामार्ग आपल्या शिवमडक्यापासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर. सरळ रस्ता, सिग्नल नाही, गावातून जाणं नाही. सुरुवातीले मले वाटलं, आता आराम झाला. पण सरळ रस्त्यावरच झोप धरते. रात्री दोन ते पाच लय वाईट वेळ. मागच्या वर्षी रिकामी कार घेऊन परत येऊन राहिलो होतो. आदले चार दिवस पाच-पाच तास झोपलो होतो, मले वाटे मी एकदम ठीक आहो. डोये उघडे होते माझे, पण मधला एक बोर्ड कधी गेला ते आठवूनच नाही राहिलं. गाडी डाव्या पट्टीवर गेली, चाकाखाली खरखर झाली, तेव्हा भान आलं. ताशी १२० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी शंभर मीटर जाते. हिशेब मी नंतर केला आणि हातपाय थंडे पडले.

तेव्हापासून नियम केला. जांभई आली, आरसा पाह्याले विसरलो, लेन सुटली, तर पुढच्या थांब्यावर गाडी बाजूले. आधी चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं डोये मिटायचे. चहा अंगात चढाले वीस-पंचवीस मिनिटं लागतेच, तेवढ्यात झोपही होते. काच खाली करणं, गाणे मोठ्यानं लावणं, याच्यानं काही होत नाही, दोन मिनिटांत परत तेच. मालक ओरडला तर ओरडू द्या. ताई, तुमचे मिस्टर तिसरी पाळी करून गाडीनं घरी येत असतील तर त्यांले हे नक्की सांगा.

रातपाळी_सिस्टर | ११ मे, सकाळी १०:२०

दादा, अगदी बरोबर. आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ असते. सुटल्यावर स्कूटीवर सिग्नलला उभी असताना माझा डोळा लागलेला आहे, मागच्याने हॉर्न दिला म्हणून जागी झाले. आता नाइटच्या हप्त्यात ऑटोने येते, पैसे गेले तरी चालतात. घरी येताना गॉगल, घरी खिडकीला काळा पडदा, फोन बंद. दूधवाला, कुरिअर, पाहुणे सगळ्यांना दारावर चिठ्ठी लावून सांगितलं आहे. सासूबाईंना सुरुवातीला पटत नव्हतं, "भरदिवसा सून झोपते" म्हणायच्या. एकदा त्यांनाच वॉर्डात रात्रभर बसवलं, तेव्हापासून त्याच दारावर पहारा देतात.

नीरजाताई, एक विचारू? तुम्ही बाबांची, मुलीची, मिस्टरांची सगळ्यांची झोप लिहिली. धागा काढला रात्री पाऊणला, दुसरा प्रतिसाद एक वाजता. तुम्ही उठता किती वाजता?

व्हरायटी_चौक | ११ मे, दुपारी १२:४५

तुमच्या मिस्टरांबद्दल लिहितो, कारण मी तसाच होतो. आठ तास झोपायचो आणि दुपारी ऑफिसात डोकं टेबलावर. सगळे म्हणायचे, घोरतो म्हणजे गाढ झोपतो. गाढ कसली! घसा सैल पडून श्वासाची वाट बंद व्हायची, ऑक्सिजन उतरायचा, मेंदू दचकून क्षणभर जागा व्हायचा, परत तेच. सकाळी मला यातलं काहीही आठवत नसे. बायकोने एका रात्री मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. घोरणं, मग बारा-पंधरा सेकंद शांतता, मग धापकन घेतलेला श्वास. ते ऐकून दोघंही घाबरलो.

तपासणी केली. तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. पाचच्या खाली नॉर्मल, तीसच्या वर तीव्र. आता नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र वापरतो. पहिले पंधरा दिवस फार त्रास झाला, मास्क काढून फेकावासा वाटायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठलो आणि डोकं हलकं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. बीपीही आटोक्यात आलं. रेकॉर्डिंग करा ताई, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

मेडिकलची_आर्या | १२ मे, रात्री ८:३०

काकू, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पाच वर्षांपूर्वी तुमच्या मुलीच्याच जागी होते. तिला हा प्रतिसाद वाचायला द्या.

बारावीत मीही रात्री एकपर्यंत बसायचे. टेस्टमध्ये केमिस्ट्रीच्या त्याच त्याच रिअॅक्शन विसरायचे आणि मग आणखी जागायचे. नंतर इथे शिकताना कारण कळलं. झोप एकसारखी नसते, साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी जाते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेकडे डोळ्यांच्या भरभर हालचालींची, स्वप्नांची झोप जास्त. ही झोप १९५३ मध्ये शिकागोत ओळखली गेली. दिवसा वाचलेलं मेंदू रात्री पक्कं करतो आणि त्याला दोन्ही भाग लागतात. साडेपाचचा अलार्म लावून आपण दुसऱ्या भागातला मोठा तुकडा कापून टाकतो. म्हणजे वाचलेलं लिहायला वहीच ठेवत नाही.

आणि या वयात झोप उशिरा येते ते फक्त मोबाइलमुळे नाही. मेलाटोनिन हे अंधार पडल्याची खूण देणारं संप्रेरक किशोरवयात उशिरा वाढतं. दहाला झोप म्हटलं तरी तिला ती येणार नाही, आणि सकाळी लवकर उठणं तिला तुमच्यापेक्षा जड जाणार. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, मुलांच्या झोपेचाच मुद्दा होता. फार चांगलं झालं. पण घड्याळ सर्वात जास्त सरकतं ते तुमच्या मुलीच्या वयात आणि या मुलांच्याच बॅच साडेसहाला. मला याचा खरंच राग येतो.

तिला सांगा, नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. तीन तास, १८० प्रश्न, तेही जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी. तिथे ताजं डोकं लागतं. शेवटच्या सहा महिन्यांत मी सव्वाअकराला झोपून साडेसहाला उठायचे, वाचनाचे तास कमी झाले, मार्क वाढले. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर बंद. कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायलाच सुमारे पाच तास लागतात.

रविवारी तिला ओरडू नका काकू. ती आळशी नाही, उधारी फेडते आहे. फक्त बारापर्यंत झोपली तर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार आणखी वाईट जातो. साडेआठ-नऊपर्यंत झोपू द्या, दुपारी वीस मिनिटं द्या.

नीरजा_मानेवाडा | १३ मे, सकाळी ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस लिहवलं नाही. आमच्याकडे नळ पहाटे पाचला येतो आणि पाऊण तासात जातो. म्हणून मी पावणेपाचला उठते. मग मुलीचा डबा, मिस्टरांचा डबा, माझं ऑफिस. रात्री सगळं आवरून साडेअकरा होतात आणि त्यानंतरचा तासभर एवढाच माझा स्वतःचा असतो, तो सोडवत नाही. म्हणजे चार तास. कधी तेही नाही. मला स्वतःला कधी मोजावंसंच वाटलं नाही.

वही केली आहे. चौघांचे चार रकाने. झोपायची वेळ, उठायची वेळ, दुपारची झोप आणि दिवसा डोळा कधी लागला ते. तीन आठवडे लिहून परत येते.

रातपाळी_सिस्टर | १३ मे, दुपारी १:००

ताई, या दिवसांत गाडी चालवू नका. बाकी नंतर बघू.

श्वासवैद्य | १३ मे, रात्री ८:४५

वही उत्तम. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. तासांचा आकडा माणसागणिक सातच्या खाली-वर होईल, पण जेवणानंतर मीटिंगमध्ये, बसमध्ये, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागणं हे रोजचं झालं असेल तर झोप एकतर कमी आहे किंवा तुटलेली आहे. आणि चार तासांवर तुम्ही किती वर्षं आहात? बीपी आणि साखर तपासून घ्या, लांबवू नका.

धंतोलीकर | २४ मे, सकाळी ७:२०

वही मीही ठेवली. बायकोने माझा शेवटचा रकाना भरला, कारण मला त्यातलं काही माहीतच नव्हतं. दहा दिवसांत तिने नऊ वेळा लिहिलं, त्यात दोनदा गाडी चालवताना सिग्नलवर. आता अंबाझरीला सव्वासहाला जातो. मुलीला रोखू नका असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो.

नीरजा_मानेवाडा | ३ जून, रात्री ९:४०

तीन आठवडे झाले, सांगितल्याप्रमाणे लिहिते.

बाबा दहाला झोपतात, पावणेपाचला उठतात. बीपीची गोळी डॉक्टरांनी सकाळी दिली, रात्री आता एकदाच उठतात. "डोळ्याला डोळा नाही" हे वाक्य आठवड्यातून एकदा येतं, त्या दिवशी मी वही दाखवते. ती गोळ्यांची पट्टी शेजारच्या काकांना परत केली आणि त्यांनाही डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

मुलीने आर्याचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही पाच पालक मिळून क्लासमध्ये गेलो, पहिल्यांदा नाही म्हणाले, आता नऊची एक बॅच सुरू केली आहे. तिचे तास पाचावरून पावणेसातवर आले. आठ अजून नाहीत. रविवारचं भांडण नाही.

मिस्टरांचं रेकॉर्डिंग केलं. श्वास थांबतो, आम्ही मोजले, अठरा सेकंद. तपासणीत तासाला २४ आले. यंत्र महिनाभर भाड्याने आणलं आहे. अजून सवय नाही, पण रात्री घरात शांतता आहे आणि तिसऱ्या पाळीहून आता ते कंपनीच्या बसने येतात.

माझं सांगते. पहिल्या आठवड्याची सरासरी चार तास वीस मिनिटं. शेवटचा रकाना भरताना हात थरथरला, ऑफिसात, बसमध्ये, एकदा तर गॅसपाशी उभी असताना. बाबांनी वही वाचली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी उठले तर नळाला पाइप लागलेला, ड्रम ओळीने मांडलेले आणि बाबा शेजारी स्टुलावर बसलेले. म्हणाले, "मी उठतोच ना या वेळी. तू जा, पड." तेव्हापासून पाणी तेच भरतात. मी सव्वासहापर्यंत झोपते. रात्रीचा माझा तास मी सोडलेला नाही, फक्त नऊ ते दहा केला आहे. त्या वेळी भांडी मिस्टर किंवा मुलगी घासते. आज तोच तास चालू आहे.

सहा तास दहा मिनिटांवर आले आहे. साखर थोडी वर निघाली, दोन महिन्यांनी परत तपासायची आहे.

इतवारीचा_नितीन | ३ जून, रात्री १०:०५

ताई, वाचून फार बरं वाटलं. एक राहिलं होतं. आठ-दहा दिवसांत हवेत दमटपणा येईल, मग कुलरचं पाणी काम करत नाही. पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा. आणि टाकी रिकामी करायला विसरू नका.

नीरजा_मानेवाडा | ४ जून, सकाळी ६:४०

बाबांना सांगितलं. टाकी त्यांनी कालच घासली आहे, पंपाचं वायर कुठलं ते तेवढं विचारत आहेत.